दोन पानांची मर्यादा

‘झालं’ म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो. काम झालं, सेव्ह झालं, पोचलं, झालं! अरे, झालं म्हणजे कुठं झालं? कोणी पाहिलं? मी कॉम्प्युटरच्या धंद्यातली बाई. पुण्यात नऊ वर्षं सर्व्हर सांभाळले, आई घरात पडली म्हणून वाशीम जिल्ह्यात परत आले. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली होती, की स्क्रीन खोटं बोलते. मुद्दाम नाही बोलत, तिला तसंच शिकवलेलं असतं. ज्या दिवशी मी हे विसरले, त्या दिवशी माझ्या भाचीची सरकारी नर्सिंग कॉलेजातली जागा गेली. म्हणून हे सांगायला बसले आहे, कोणाला गोड वाटावं म्हणून नाही.

भाची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची पोरगी. भाऊ मालेगावात मोटारसायकली दुरुस्त करतो. नाशिककडचं मालेगाव नव्हे, आमचं, वाशीमच्या रस्त्यावरचं. हे दर वेळी सांगावं लागतं, त्याचाही मला राग येतो. पोरगी हुशार, राखीव जागेवर तिचा नंबर लागला. मग जात वैधता समितीची चिठ्ठी आली: पन्नास सालाच्या आधीचा, जातीची नोंद असलेला पुरावा आणा. सुनावणीला बारा दिवस होते.

आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर माझ्या आज्यानं घरातलं जुनं सगळं काढून टाकलं होतं. देव गेले, देव्हारा गेला, जातीचं नाव गेलं. जे नाव ठरवून टाकलं तेच कागदावर शोधून आणा म्हणतात, तेव्हा माणसाचं डोकं फिरतं का नाही? माझं फिरलं. पण पोरीला जागा पाहिजे होती. आमच्या घरात वैधता काढणारी ती पहिलीच, त्यामुळे मागचं कोणाचं प्रमाणपत्रही दाखवायला नव्हतं. पुरावा एकच होता. गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारिज रजिस्टर, त्यातलं एक पान आणि त्या पानावर आज्याची एक ओळ.

मुख्याध्यापक म्हणाले, रजिस्टर स्कॅनिंगला जमा आहे, तिथूनच प्रत आणा. आणि स्कॅनिंगच्या कॅम्पचा सर्व्हर कोणाच्या हातात? माझ्याच! भाऊ म्हणाला, “मंग त काय, घरचंच काम हाय.” मलाही तसंच वाटलं.

तालुक्यातल्या शाळांची जुनी रजिस्टरं एका ठेकेदारानं स्कॅन करायला घेतली होती. मालेगावात एका मंगल कार्यालयाचा हॉल भाड्यानं घेतलेला. कोपऱ्यात नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या, मधे तीन स्कॅनर, ते चालवणारी तीन पोरं आणि भिंतीपाशी माझा सर्व्हर. त्यात डिस्क एकच, तीही जुनी, फिरणारी, घरघर करणारी. ठेकेदाराचा सुपरवायझर होता. त्यानं पहिल्या दिवशी काय केलं असेल? कूलर आणला. रजिस्टरं ठेवायला कपाट नव्हतं, पण साहेबांना कूलर होता.

आणि होते चाचा. कारंज्याचे, चार पिढ्यांचे बुक-बाइंडर. इथं मुलीकडे राहायचे. त्यांच्या हाताला असा गुण, की भुगा व्हायला आलेलं पान ते पातळ कागदावर खळीनं बसवत आणि दुसऱ्या दिवशी ते पान उलटता यायचं. अशा माणसाला ठेकेदारानं काय दिलं? लॅमिनेशनचं मशीन! स्कॅन झालेलं नाजूक पान प्लॅस्टिकमध्ये घालायचं आणि गरम रोलरमधून काढायचं. चाचा म्हणायचे, “बाई, हे पान जपनं नाई, हे पान शिजवनं हाय.” सुपरवायझर म्हणायचा, अटच तशी आहे. स्क्रीनवर हिरवी खूण आली, की पान लॅमिनेशनला द्यायचं. म्हणजे त्या हिरव्या खुणेवर सगळा भार.

आता ती हिरवी खूण काय होती ते सांगते, कारण सगळा घोटाळा तिथंच आहे. कॉम्प्युटरला ‘हे लिहून ठेव’ म्हटलं, की तो लगेच डिस्कवर लिहीत नाही. तो ते आधी मेमरीत घेतो, तोंडानं ‘झालं’ म्हणतो आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतो. वीज गेली की मेमरी कोरी. उतरवायच्या राहिलेल्या या पानांना आमच्या धंद्यात ‘डर्टी पेज’ म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं देव जाणे. आज्याच्या जातीचा कागद शोधत असताना तो शब्द रोज स्क्रीनवर वाचायचा, यात मला काही मजा येत नव्हती.

आणखी एक. ही न उतरवलेली पानं सगळ्या कामांची मिळून एकाच जागेत पडतात. कारंज्याच्या धान्य बाजारात एकाच ओट्यावर सगळ्यांनी पोती टाकावीत तसं. एकानं दोन ट्रक सोयाबीन आणून ओतलं, की दहा पोती घेऊन आलेला माणूस रस्त्यावर उभा. चूक ट्रकवाल्याची, शिक्षा त्याला.

आमच्याकडचा ट्रकवाला म्हणजे ड्रोनचे फोटो. ठेकेदारानं गावठाणांच्या मोजणीचंही काम घेतलं होतं आणि त्याचे ढिगानं फोटो याच मशीनवर उतरवले जायचे. दुसरा सर्व्हर घ्यायला जीव जातो ना त्याचा! पहिल्याच आठवड्यात फोटोंची कॉपी सुरू झाली, की तिन्ही स्कॅनर जागच्या जागी थिजायचे. सुपरवायझर माझ्यावर ओरडायचा, “म्याडम, हे मशीन हाय का बैल? बसून काहून गेलं?”

मी दोन दिवस बसून उपाय केला. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कामांचे गट करता येतात. फोटोंचा एक गट केला, स्कॅनिंगचा दुसरा. प्रत्येक गटानं न उतरवलेला माल किती ठेवायचा, त्याची हद्द बांधून दिली. हद्द भरली की त्याच गटानं थांबायचं, दुसऱ्याला धक्का नाही. फोटोंना त्यांच्यापुरता कोपरा दिला. स्कॅनिंगला किती द्यावं याचा विचार करत होते, तर समोर चाचा खळ लावत बसलेले. एक पान लावलं, दुसरं लावलं, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, “चाचा, थांबले काहून?” ते म्हणाले, “पह्यलं वाळ्ळ्याबिगर तिसऱ्याले हात नाई लावत, बाई. आमच्या वालिदची रीत हाय. गडबड झाली तं दोनच पानं जातीन. कागजले सबर लागते.”

तीच हद्द मी घातली. दोन पानं. पहिलं पान डिस्कवर उतरल्याशिवाय तिसऱ्याला हिरवी खूण नाही. चाचांना सांगून ठेवलं, की हिरवी खूण आली तरी पान उचलू नका, त्याच्यामागून दोन पानं जाऊ द्या. म्हणजे वीज गेलीच तर जी दोन पानं हरवतील, ती टेबलावर धडधाकट असतील, पुन्हा स्कॅन करता येतील. चाचांना एका वाक्यात समजलं. त्या दिवसापासून प्रत्येक पान उचलण्याआधी ते विचारायचे, “बाई, दोन पानं झाले का?” मी म्हणायची, “झाले, चाचा.” त्या माणसाबरोबर काम करताना मला बरं वाटायचं, हे खरं आहे.

पण सुपरवायझरला दिवसाचा आकडा पाहिजे होता. आधी स्क्रीन खोटं बोलून फटाफट हिरव्या खुणा द्यायची, आता खरं बोलायला लागली तर पठ्ठ्याला ती हळू वाटायला लागली. “मशीनले ब्रेक कायले लावला?” म्हणे. मी त्याला समजावलं. एकदा, दोनदा, चारदा. भैताडासारखा ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “ते सगळं ठीक हाय, म्याडम, पन पानं वाढले पाह्यजे.” मी म्हटलं, “पानं वाढत नव्हती, खुणा वाढत होत्या.” त्यानं कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि फोन काढून बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

असे सहा दिवस गेले. आमच्या गावचं रजिस्टर खालच्या थप्पीत होतं. रांगेप्रमाणे त्याचा नंबर यायला अजून पंधरा दिवस लागले असते आणि पोरीची सुनावणी सहा दिवसांवर. मी सुपरवायझरला म्हटलं, ते एक रजिस्टर आधी घेऊ. तो माझ्याकडे पाहून हसला. त्याला माझी गरज कळली होती. असल्या माणसांना दुसऱ्याची गरज बरोबर कळते, बाकी काही कळत नाही.

“घेतो ना,” तो म्हणाला. “सकाऊन पह्यलं तेच घेतो. तुमी तेवढी लिमिट काढून टाका.”

मी काढली. बाप्पा, मला नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. माझ्या हातात आणखी एक उपाय होता, तेवढ्या दिवसापुरते फोटो बंद ठेवायचे. पण मी त्याच्याशी भांडून थकले होते, आणि मला वाटलं, एक दिवस काय होतं. दोन्ही गटांच्या हद्दी काढायला दोन ओळी टाइप कराव्या लागल्या.

सकाळी भाची आली. दारात मोबाइल जमा करून घ्यायचा नियम होता, सुपरवायझरचाच, त्याचा स्वतःचा सोडून. तिनं तिचा फोन दारातल्या टोपलीत ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आमच्या गावचं रजिस्टर उघडलं. तिसऱ्या-चौथ्या पानावरच आज्याची ओळ सापडली. पान मधोमध फाटलेलं, कोण्या गुरुजींनी कधीतरी चिकटपट्टी लावून जोडलेलं, ती पट्टी पिवळी पडलेली. काळी शाई, वळणदार अक्षर. नाव, बापाचं नाव, जात, धंदा मजुरी, जन्मतारीख अंदाजे. शाळा सोडण्याचं कारण: सतत गैरहजर.

सतत गैरहजर! आज्यानं शंभर वेळा सांगितलं होतं, की तो रोज शाळेत जायचा. त्याला बाहेर ओसरीत बसवायचे आणि गुरुजी हजेरी आतल्यांची घ्यायचे. हजर असून गैरहजर. माझ्या अंगाची आग झाली. भाचीनं मात्र त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच वाचलं, दोनदा वाचलं. “आत्या, हा आपला आबा?” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

पान काचेवर गेलं. स्क्रीनवर आलं. खाली हिरवी खूण आली, लगेच, अगदी फटकन.

भाची म्हणाली, “आत्या, मी मोबाइल आनू का? एक फोटो काढून घेतो.”

मी म्हटलं, “फोटो कायले पाह्यजे? मशीनमध्ये गेलं ना. फोटोले कोन इचारते? दुपारी तुले सही-शिक्क्याची प्रत देतो.”

कसला तोरा होता तो माझा! ड्रोनचे फोटो त्याच वेळी मागून धो धो ओतले जात होते. न उतरवलेला माल किती साचला आहे, तो आकडा माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात होता. मी तिकडे पाहिलंच नाही. मी पोरीच्या तोंडाकडे पाहत होते.

चाचा टेबलापाशी आले. पान हातात घेतलं, उजेडात धरलं, ती पिवळी पट्टी पाहिली. मग विचारलं, “बाई, दोन पानं झाले का?”

मी म्हटलं, “आता त्याची गरज नाई, चाचा. हिरवी खूण आली. घ्या तुमी.”

त्यांनी पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला. मग गेले.

त्यांनी पान लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातलं आणि जुन्या पट्टीचा डिंक वितळून प्लॅस्टिकबाहेर आला. पान रोलरला चिकटलं, गुंडाळलं गेलं, आत चुरगळत गेलं. चाचांनी मशीन बंद करून ते बाहेर ओढून काढलं तेव्हा ते करपलेल्या पापडासारखं झालं होतं. अक्षर ओळखू येत नव्हतं. भाची एकदम उठून उभी राहिली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “बस. काई होत नाई. स्कॅन झालं हाय.”

आणि वीज गेली.

यूपीएस होता ना! का नव्हता? चांगला होता. पण त्यावर साहेबांनी कूलर लावला होता, बोर्डात प्लग पुरत नव्हते म्हणून. वीज गेल्यावरही कूलर घरघरत दोन मिनिटं फिरला आणि बॅटरी संपली. कूलर बंद, सर्व्हर बंद, डिस्कची घरघर बंद. सुपरवायझर म्हणाला, “गेली वाटते लाइन.” तेव्हा मला तो कोपऱ्यातला आकडा आठवला.

वीज दीड तासानं आली. मी सर्व्हर चालू केला. फाइल होती. नाव बरोबर, गाव बरोबर, पान क्रमांक बरोबर. आकार शून्य. उघडली तर आत काहीच नाही. पुन्हा उघडली, डिस्क खालपासून वरपर्यंत खरवडली, जे जे मला येत होतं ते केलं, भाची शेजारी बसून पाहत राहिली. ते पान फोटोंच्या मागे रांगेत उभं होतं आणि रांगेतच गेलं. दोन पानांची हद्द असती तर पान टेबलावर असतं, साबूत. तेल गेलं, तूप गेलं.

सुपरवायझरनं अहवाल लिहिला: वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे काही पानांची हानी. त्याखाली माझी सही हवी होती. मी केली. लिमिट काढल्याबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

सुनावणीला भाऊ आणि भाची तो करपलेला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन गेले. त्यावरचं काही वाचता आलं नाही. आज्याचा एकुलता एक भाऊ शाळेत गेलाच नव्हता, दुसरी नोंद नव्हती. मुदत संपली आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. भाची आता वाशीमला साध्या कॉलेजात जाते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईन म्हणते, पण पुरावा कुठून आणणार ते कोणालाच माहीत नाही. भावानं तेव्हापासून एक धरून ठेवलं आहे: लाइनवाल्यांनी माझ्या पोरीचं वाटोळं केलं. वीज गेली की तो शिव्या द्यायला सुरुवात करतो. आमच्या लाइनमनला तर त्यानं एकदा दुकानाच्या दारातून हाकलून दिलं, बिचारा मोटारसायकल घेऊन आला होता. मी तिथंच स्टुलावर बसले होते.

मागच्या महिन्यात सुपरवायझरची बदली मानोरा तालुक्यात झाली. त्याच दिवशी मी दोन्ही हद्दी पुन्हा घातल्या आणि कूलरचा प्लग उपटून फेकला. नव्या माणसाला मी सांगितलं, हद्द काढायची असेल तर आधी मला काढा. तो घाबरला. बरं झालं.

परवा भाची डबा द्यायला आली. बसली थोडा वेळ. एक पान स्कॅन झालं, हिरवी खूण. दुसरं झालं, हिरवी खूण. तिसऱ्याला खूण आली नाही, नुसतं थांबून राहिलं.

“हे काहून थांबलं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. गट, हद्द, दोन पानं, सगळं. सांगताना आवाज सरळ ठेवला. पलीकडे चाचा मांडीवर हात ठेवून बसले होते, आमच्याकडे न पाहता.

तिनं अडकलेल्या तिसऱ्या पानाकडे बोट केलं. मग म्हणाली, “त्या दिवशी चाचानं हेच इचारलं होतं ना, आत्या?”

“हो.”

“अन् तू म्हनली, गरज नाई.”

“हो.”

“मी तवाच आयकलं होतं,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुले जास्त समजते.”

मला वाटलं, ती रडेल किंवा भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. तिनं रिकामा डबा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि विचारलं, “बाबाले तू सांगशीन का मी सांगू?”

मी म्हटलं, “मी सांगते.”

“आता सांग,” ती म्हणाली, आणि उभी राहिली.

मी दारातल्या टोपलीतून माझा फोन काढला. भावानं दुसऱ्याच घंटीला उचलला. मागे दुकानात काही आवाज नव्हता, ना पंपाचा, ना ग्राइंडरचा.

“बोल वं बाई,” तो म्हणाला. “तिकडं लाइन हाय का? आमच्याइकडं सकायपासून नाई. या लाइनवाल्यायच्या तं...”

“दादा,” मी म्हटलं, “त्यायले शिव्या नको देऊ.”